कासार आंबोलीच्या फेऱ्या

माझ्या सासूबाई एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या डायरेक्टर आहेत असं मी सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, खरंच का? खरंच. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे. तर आमच्या आत्यांची शाळा दुसरीतच सुटली. सही येते, अक्षराला अक्षर लावून थोडंफार वाचता येतं. 'कासार आंबोली' एवढे दोन शब्द मात्र त्या लांबूनही ओळखतात, कारण त्यांची थोरली बहीण त्या गावात दिलेली. लग्न झाल्यापासून त्या नावाच्या पाटीशी बसमधून उतरून त्या बहिणीकडे जात आल्या.

कंपनी माझी. काम साधंच. शनिवार-रविवारपुरते येणाऱ्या लोकांचे बंगले झाडून-पुसून, गवत कापून, टाक्या धुऊन तयार ठेवायचे. आम्ही राहतो चांद्याला आणि माझे बंगले बहुतेक सगळे कासार आंबोलीला. सुरुवातीला मी वहीवरच धंदा करत होते. मग बंगलेवाल्यांना बिलं कंपनीच्या नावाची लागायला लागली. कंपनी काढायची तर डायरेक्टर दोन लागतात. एक मी. दुसरा नवरा व्हायला हवा होता, पण तो हिंजवडीत नोकरीला, आणि दुसरीकडे कुठं डायरेक्टर-बिरेक्टर व्हायचं नाही असं त्याच्याकडून लिहून घेतलेलं. माहेरचं कुणी घ्यावं तर उद्या भांडणाला कारण. तेव्हा सीए म्हणाला, घरात सासूबाई आहेत ना? आमच्या भागात निम्म्या कंपन्या अशाच चालतात. कागदावर आई असते, नाहीतर बायको, आणि त्या बाईला कंपनी काय करते ते धड माहीतही नसतं.

आत्यांनी विचारलं, माझं काम काय? मी म्हटलं, सही करायची. बस्स? बस्स. त्यांना एवढा आनंद झाला की संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला कळलं. आमच्या मागच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी नोकरदार पोरं त्यांना गमतीनं मॅडम म्हणायला लागली. आत्या वरवर चिडायच्या, पण पोरांनी दोन दिवस मॅडम म्हटलं नाही की स्वतःच जाऊन विचारायच्या, काय रं, इसरला व्हय?

डायरेक्टरच्या नावावर स्वतःचा मोबाइल नंबर लागतो. दरवर्षी केवायसी, त्यावर ओटीपी, बँकेचे मेसेज त्यावर. म्हणून कंपनीच्या पैशानं आत्यांच्या नावाचं सिम आणि एक बरा फोन घेतला. आत्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि उशीशी ठेवला. आठच दिवसांत माझं डोकं फिरलं. बँकेचं काम करायला बसावं तर आत्या गोठ्यात, फोन उशीखाली, आणि ओटीपीची वेळ निघून गेलेली. शेवटी मी तो फोन माझ्याकडे घेतला, आवाज बंद केला आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला. आत्या म्हणाल्या, राहू दे तुझ्याजवळ, माझं काय अडलंय. नंबर तेवढा एका चिठ्ठीवर लिहून मागितला. बँकेत कुणी विचारलं तर सांगायला, असं मला वाटलं. ती चिठ्ठी त्यांनी कमरेच्या पिशवीत घातली.

त्या फोनचं बिल दर महिन्याला मी कंपनीच्या खर्चात लावत होते. 'संचालिकेचा फोन.' खोटं म्हणाल तर एक अक्षरही खोटं नव्हतं, फक्त संचालिकेला फोन नव्हता.

प्रवासाचं त्याच्यापुढचं. एकदा सीए कागद चाळता चाळता म्हणाला, ताई, सगळा प्रवासखर्च तुमच्या एकट्याच्याच नावानं दिसतोय, दुसऱ्या डायरेक्टरही साइटवर जात असतील की. असं म्हणून तो हसला. मीही हसले. त्या हसण्याचा अर्थ न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. एक शुक्रवार आड मी खरंच कासार आंबोलीला जात होते. त्याच तारखांना मी आत्यांच्या नावानं दुसरी फेरी लिहायला लागले. 'संचालिका. चांदे ते कासार आंबोली आणि परत. साइट पाहणी. भाड्याची गाडी.' ते पैसे आत्यांच्या सहीनं निघायचे आणि माझ्या पर्समध्ये यायचे. त्यातून घरातच आलं सगळं, मिक्सर आला, मुलीच्या क्लासची फी गेली. आत्यापण याच घरात जेवतात की, अशी मी मनाची समजूत घालायची.

सह्या मी खर्चाच्या व्हाउचरची पॅडच्या पॅड कोरी असतानाच घेऊन ठेवत होते. आत्यांची सही म्हणजे सोहळा. हात धुणार, पदराला पुसणार, चष्मा लावणार, आणि प्रत्येक कागदावर एकसारखं नाव काढणार. बॉलपेनची सही, तरी वाळली का म्हणून बोट टेकवून बघणार. शुक्रवार ठरलेले असल्यामुळे महिना लागला की मी त्या महिन्याच्या सगळ्या फेऱ्या एकदमच लिहून टाकायची, पुढच्या तारखांच्यासुद्धा. नंतर वेळ होत नाही. एका शुक्रवारी मला सणसणून ताप होता, मी गेले नाही. आत्या मात्र कागदावर न चुकता जाऊन आल्या.

खऱ्या आत्या घरात होत्या. गुडघे गेलेले. बसच्या पायऱ्या चढवत नव्हत्या आणि रिक्षात दाटीवाटीनं बसवत नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारात यायच्या आणि विचारायच्या, उद्या आंबोलीला चाललीस का? एवढंच. मला ने, असं त्या बाईनं कधी तोंडानं म्हटलं नाही. मला ते न म्हटलेलं चांगलं ऐकू यायचं. मी म्हणायची, गाडीत जागा नाही हो आत्या, पुढच्या खेपेला बघू. आणि जागा नसायची हे निम्मं खरं होतं. मागच्या सीट काढून मी तिथं टाक्या धुवायचं पाण्याचं मशिन, झाडू, फिनेलचे कॅन कोंबायची. कामाच्या दोन बायका, एक पुढे, एक मागे सामानात. पण एक बाई बसनं आली असती. खरं कारण असं की आत्यांना आधी बहिणीकडे सोडा, चहा घ्या, मग कामावर जा, परत त्यांना आणायला जा, यात माझा दीड तास मोडला असता. नवऱ्याला म्हटलं की तो म्हणायचा, नेऊ की. नेऊ की म्हणजे काय, ते संसार केलेल्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

एका गुरुवारी मी त्यांना जागा नाही म्हणून सांगितलं आणि तशीच टेबलाशी बसून व्हाउचर लिहायला घेतली. महिन्याची एक तारीख होती. लिहिता लिहिता हात थांबला. आत्ताच हिला जागा नाही म्हटलं, आणि इथं हिला भाड्याच्या गाडीनं ऐटीत पाठवतेय. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण लाज वाटून मी लिहायची थांबले नाही.

पुढे एकदा कोऱ्या सह्या करताना पॅडमध्ये एक भरलेला कागद आत्यांच्या हाताला लागला. चष्मा होताच. त्यांचा चेहरा एकदम खुलला. हे आंबोलीचं नाव कसं गं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, तिथल्या बंगल्यांचा हिशेब आहे. आन् खाली माझी सही? तुम्ही डायरेक्टर ना. व्हय की, म्हणाल्या आणि पुढच्या कागदावर सही केली.

त्याच सुमारास ड्रॉवरमधल्या फोनवर एक नंबर यायला लागला. आवाज बंद, त्यामुळे मला नंतर दिसायचं. रोज सहाच्या सुमाराला, कधी एकदा, कधी तीनदा. आमच्या भागात दिवसाला दहा फोन प्लॉट विकणाऱ्यांचे येतात. मला वाटलं, त्यातलाच एखादा चिकट माणूस. डायरेक्टरचा नंबर कुठून तरी मिळाला असणार. महिनाभर बघितलं आणि एके दिवशी वैतागून तो नंबर ब्लॉक करून टाकला. मेली कटकट गेली, असं मोठ्यानं म्हटल्याचंही मला आठवतं. आत्यांनी मधे दोन-तीनदा विचारलं होतं, माझ्या फोनवर कुणाचा फोन येतो का गं? बँकेचे मेसेज येतात नुसते, असं मी सांगितलं होतं.

मग तो शुक्रवार आला. कासार आंबोलीत एका बंगल्यापुढे गाडी लावून आम्ही सामान उतरवत होतो. रस्त्यानं एक बाई गवताचा भारा घेऊन येत होती. ती थांबली, भारा खाली टाकला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. आत्यांच्या बहिणीची सून. वर्षापूर्वी एका लग्नात भेटलो होतो. मी हसून कशा आहात म्हणाले. ती हसली नाही. पाच दिवस झाले, म्हणाली, सासूबाईंना झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून कालच घरी आणलं. मी म्हटलं, अहो, मग कळवायचं नाही का? तशी ती भडकली. तुमच्या मालकांना दोनदा फोन केला, त्यांनी मीटिंगमध्ये आहे असा मेसेज टाकला, झालं. आणि मावशींचा फोन तर लागतच नाही.

मावशी म्हणजे आमच्या आत्या. मी विचारलं, कुठला फोन?

"त्यांचाच की. लग्नात त्यांनी चिठ्ठी दिली होती आमच्या पोराकडं, माझा नंबर हाय म्हनून. सांजचे सहा वाजले की सासूबाई पोराच्या मागं लागायच्या, लाव म्हनायच्या. नुसती रिंग जायची. मग ती पन जायची बंद झाली. तरी रोज लावाय लावायच्या."

तिनं मोबाइल काढून नंबर दाखवला. बघायची गरज नव्हती, तो नंबर मला तोंडपाठ होता.

निरोप असता तर तो नवऱ्याच्या फोनवर कधी ना कधी पोचलाच असता. पण आक्कांना, म्हणजे आत्यांच्या बहिणीला, निरोप द्यायचा नव्हता. दोन म्हाताऱ्या बहिणींना संध्याकाळी दोन शब्द बोलायचे होते. वर्षभर एक जण फोन लावत होती, दुसरी फोन आला का विचारत होती, आणि दोघींच्या मधे मी ड्रॉवर लावून बसले होते. आता बोलणारी बोलू शकत नव्हती.

बायकांना कामावर सोडलं, सगळं सामान बंगल्याच्या ओट्यावर काढून टाकलं आणि तशीच घरी आले. आत्या पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हटलं, आक्कांना बरं नाही, चला, न्यायला आलेय. त्यांनी जागेचं काही विचारलं नाही. लुगडं बदललं, सोललेले वाल फडक्यात बांधले आणि पुढच्या सीटवर येऊन बसल्या. आक्काला वाल लई आवडतो, एवढंच वाटेत बोलल्या.

आक्का खाटेवर होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं. आत्यांना बघितल्याबरोबर त्यांनी डावा हात उचलला आणि घशातून कसला तरी आवाज काढला, शब्द नव्हे. आत्या खाटेच्या कडेला टेकल्या, तो हात मांडीवर घेतला आणि बोलायला लागल्या. कुणाचं लग्न झालं, गाय व्यायली, माझे गुडघे असे झालेत. वर्षाचं साठलेलं. आक्का आवाज काढायच्या आणि आत्या व्हय व्हय म्हणायच्या, जसं काही सगळं कळतंय.

मग ती सून चहा घेऊन आली आणि तिनं विचारलंच, मावशी, एवढे फोन केले, एकदा तरी उचलायचा.

आत्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी दाराशी उभी होते. क्षणभरच. त्यांना सगळं कळलं होतं असं नाही, पण त्यात माझा हात आहे एवढं कळलं होतं.

"मला म्हातारीला कुटं कळतंय त्यातलं," आत्या म्हणाल्या. "माझ्याच हातनं कायतरी बिघाडलं बघ त्या फोनात."

मी बोलायला हवं होतं. माझ्याकडे होता फोन, मी ब्लॉक केला, एवढंच तर म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. सासूनं माझं पाप आपल्या पदरात घेतलं आणि मी चहा प्याले. आजही तो चहा आठवला की तोंड कडू होतं.

परत येताना फाट्याच्या पुढे मी गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगितलं. फोन ड्रॉवरमध्ये पडून होता ते, नंबर ब्लॉक केला ते. आणि मग, कुणी विचारलं नसताना, व्हाउचरचंही. तुमच्या नावानं फेऱ्या लिहायची, आत्या. भाड्याच्या गाडीच्या. कासार आंबोलीच्या. मला वाटलं होतं, त्यांना समजणार नाही आणि सगळं फोड करून सांगावं लागेल. त्यांनी फक्त एक विचारलं, कितींदा?

चाळीसेक वेळा, मी म्हणाले.

त्या समोरच्या काचेतून बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला ओरडून घ्यायची सवय आहे, मी उलट ओरडूही शकते.

"कागदावर मी चाळीसदा गेले," त्या म्हणाल्या, "आन् ती हितं वाट बघत बसली."

मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ-बिवळ घेतलं नाही. रडून होऊ दिलं. मग म्हणाल्या, चल, म्हशीची येळ झाली. गाडी चालू केल्यावर पुन्हा बोलल्या.

"आजची फेरी लिव्हू नगस. आजची माझी हाय."

घरी येऊन मी पॅड उघडलं. ती फेरी लिहिलेली होती. महिन्याच्या सुरुवातीलाच मी लिहून ठेवली होती. तारीख तीच, संचालिका, चांदे ते कासार आंबोली आणि परत, खाली आत्यांची बोट टेकवून वाळवलेली सही. चाळीस फेऱ्यांत ही एकच खरी झाली होती. मी लाल पेन घेतलं आणि त्यावर आडवी काट मारली.

पुढच्या आठवड्यात सगळी पॅडं घेऊन सीएकडे गेले. म्हटलं, आत्यांच्या नावच्या सगळ्या फेऱ्या काढून टाका, मी पैसे कंपनीत परत भरते, फोनचं बिलही काढा, आणि मागच्या वर्षाचा जो काही टॅक्स बसेल तो व्याजासकट सांगा. त्यानं कपाळाला हात लावला. ताई, सगळेच करतात हो, एवढ्या तेवढ्यासाठी कुणी येत नाही विचारायला. मी म्हटलं, आलंय विचारायला कुणीतरी. त्याला काय झालं ते थोडक्यात सांगितलं. तो पानं उलटत गेला आणि त्या लाल काटेपाशी थांबला. मग हे व्हाउचर का रद्द, म्हणाला, हे एकच तर खरं आहे. मी म्हटलं, ते कंपनीचं नाही. पैसे भरले, पण जीव हलका झाला नाही. टॅक्स भरून सुटण्यासारखं ते नव्हतंच.

फोन आता आत्यांकडे असतो. ओटीपीसाठी मी त्यांच्यामागे गोठ्यात पळते. हिरवं बटण कुठलं, नाव कुठलं, हे त्यांना आठ दिवसांत आलं. रोज सहा वाजता त्या पडवीत बसून फोन लावतात. तिकडे सून फोन आक्कांच्या कानाला धरते आणि आत्या बोलतात. पलीकडून कधी घोगरा आवाज येतो, बहुतेक वेळा काहीच नाही. तरी आत्या मधे मधे थांबतात, समोरच्या माणसाला बोलायला जागा द्यावी तशा.

परवा गुरुवारी मी आत भाकरी थापत होते. बाहेरून आत्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"आगं आक्का, चाळीसदा येऊन गेले की मी तुज्याकडं, कंपनीच्या गाडीनं. तूच कुटं गेलतीस?" असं म्हणून त्या हसल्या. खरोखर हसल्या, थट्टेनं हसतात तशा. मग थांबल्या. पलीकडून काही आलं नाही.

मग त्यांनी फोन न ठेवताच मला हाक मारली, पलीकडेही जाईल अशा आवाजात.

"उद्या गाडीत जागा हाय न्हवं गं?"

आहे, आत्या, मी म्हणाले. जागा आधीही होती.